पत्र्याखाली काच

सर्वांत आधी एक खुलासा करतो. मी कुणाचीही बांगडी फोडलेली नाही. निम्म्या इस्लामपूरचा आजही तसा समज आहे, आणि उरलेल्या निम्म्याला वाटतं की निकम सरांनी जनावरांच्या डॉक्टरकडून स्वतःला तपासून घेतलं. दोन्ही साफ खोटं. मी एकवीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवतोय आणि मला फक्त माझं घर गार करायचं होतं. एवढाच माझा गुन्हा. आता त्याला शिक्षा किती असावी, ते तुम्हीच ठरवा.

घर भाड्याचं. मालक आप्पासो. या माणसानं भिंती दीड फूट जाड बांधल्या आणि मग काय मनात आलं कोण जाणे, वर नुसता पत्रा ठोकला. फाल्गुन सरत आला की तो तापायला लागतो. पंखा लावला तर वरची गरम हवा खाली येते, आणि नाही लावला तर ती आपली आपणच येते. टेबलावर ठेवलेली मेणबत्ती एकदा माझ्या देखत कमरेत वाकली. त्यामुळे आमची शालू दरवर्षी रंगपंचमी झाली की ट्रंक भरते आणि माहेरी वडूजला जाते, ती मृग निघाल्यावर परत येते. आता वडूज म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. तिकडं ऊन आमच्यापेक्षा दोन घास जास्तच. पण सासऱ्यांचं घर धाब्याचं, म्हणजे वर लाकडं आणि त्यावर हातभर पांढरी माती. आत भर दुपारी घोंगडं घ्यावंसं वाटतं, असं शालू सांगते. माहेरचं सांगताना ती जरा सैल हातानंच सांगते, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या रंगपंचमीला तिला न्यायला सासरे स्वतः आले. भाऊसो म्हणजे सहा फूट उंच, लाल पागोटं आणि जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस. ते आमच्या खोलीत पाच मिनिटं बसले. वर पत्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"मास्तर, आमी लेक नांदाय दिली. भाजाय न्हाई दिली."

मी म्हटलं, "मामा, उन्हाळाच कडक आहे यंदा."

"उनाळा आमच्याकडं बी हाय. आसं करा, घर गार करा आन् अकितीला तिला न्यायला या. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे तिला दिवाळीपत्तूर."

अक्षय्य तृतीयेला उरला होता दीड महिना. शालूनं दरवर्षीसारखी ट्रंक भरली. पण ट्रंक उचलून एसटीच्या टपावर चढवताना ती मला नेहमीपेक्षा जड लागली. उघडून बघितलं तर आत स्वेटर! बायकोनं उन्हाळ्यात माहेरी जाताना स्वेटर घेतला, म्हणजे तिनं दिवाळीची तयारी आधीच केलेली. मला जे लागलं ते तिथं लागलं. बायको मृगापर्यंत माहेरी राहिली तर लोक म्हणतात ऊन फार. दिवाळीपर्यंत राहिली तर काय म्हणतात, ते मला आठवड्याभरात खानावळीत ऐकू यायला लागलं. वाढपी मला आग्रह करकरून वाढत होता, त्यावरूनच कळलं.

शेजारी मानसिंग राहतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, आता साखर कारखान्यावर वॉचमन. ते म्हणाले, "मास्तर, इचार कशाला करताय? उसाचं पाचट टाका वर. फुकाट हाय. आक्खं गाव टाकतंय."

आता मी विज्ञानाचा शिक्षक. अख्खं गाव टाकतंय म्हणून मीही पाचट टाकायचं? त्यात उंदीर, विंचू, वर ठिणगी पडली तर होळी दुसऱ्यांदा. शिवाय त्याच आठवड्यात शाळेच्या वाचनालयात आलेल्या एका मासिकात मी वाचलं होतं की परदेशात टाकाऊ काच दळून, तीत थोडी चुनखडी आणि काजळी मिसळून भट्टीत घातली की ती भाकरीसारखी फुगते. आत बारीक बारीक बुडबुडे. वीट होते, पण वजनाला चिरमुऱ्यासारखी, आणि उष्णता आरपार जाऊ देत नाही. मी ठरवलं, पत्र्याखाली लाकडी रिपा ठोकायच्या आणि त्यावर या विटा बसवायच्या. आप्पासोंना सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा "छतावर भाडेकरूचा हक्क राहणार नाही" असं माझ्याकडून लिहून घेतलं. त्या छताखाली मी भाजत होतो तेव्हा हक्क कुणाचा, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

काच आणायची कुठून? मिरजेला माझा मावसभाऊ एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. मला वाटलं, मिरजेत दवाखान्यांना काय तोटा, सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांचे ढीग असतील. पण आपल्याकडं सलाईनची बाटली ही संसाराची वस्तू आहे, हे मी विसरलो होतो. माणूस बरा होवो न होवो, नातेवाईक बाटल्या मागून घरी नेतात. कुणी त्यात रॉकेल भरतं, कुणी मध, कुणी मनीप्लांट लावतं. मला मिळाल्या त्या फक्त तडकलेल्या, तीन पोती. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "घरात कोण येवढं आजारी हाय, सर?" मी "घर" म्हणालो. त्यानं मिरज ते इस्लामपूर माझी समजूत घातली.

काच दळायला गावाबाहेरची तात्याबांची चुन्याची घाणी धरली. सिमेंट आल्यापासून तिचं दगडी चाक बंदच होतं. तात्याबा म्हणाले, "दळतो, पन बैलाच्या पायात काच गेली तर काय?" म्हणून बैलाच्या खुरांना गोणपाट बांधलं. माझ्या पायांचा विचार कुणी केला नाही. दळलेली पूड मी शालूच्या मैद्याच्या चाळणीनं चाळली, हे अजून तिला माहीत नाही. साच्याला काच चिकटू नये म्हणून खडीच्या मशीनखाली पडलेली दगडाची भुकटी दोन घमेली आणली. काजळी चुलीवरची खरवडली. चुनखडीऐवजी खडूचे तुकडे शाळेतून गोळा केले, तर मुख्याध्यापकांनी सूचनावहीत लिहिलं, "काही शिक्षक शाळेचे साहित्य घरी नेतात असे आढळले आहे." काही शिक्षक! शाळेत बारा शिक्षक, आणि सही करताना बाराही जण माझ्याकडं बघत होते.

भट्टी जोतीराम कुंभारांची. विटांची भट्टी लागतेच आहे, तिच्यात एका कोपऱ्यात माझे डबे ठेवा, एवढंच मी म्हणालो. रॉकेलचे पत्र्याचे डबे आडवे कापून मी साचे केले होते. जोतीरामांनी आधी भट्टीला नारळ फोडायला लावला, मग म्हणाले, "सर, माती फुगत न्हाई म्हनून आमचा धंदा चालतोय. ह्ये फुगनारं काय आनलासा?"

मासिकात एक गोष्ट लिहिली नव्हती. किती फुगतं ते. पाचव्या दिवशी भट्टी उकलली तेव्हा माझी काच डब्यांतून उतू जाऊन शेजारच्या विटांत शिरली होती, आणि जोतीरामांच्या दोनशे विटा एकमेकींना अशा मिठ्या मारून बसल्या होत्या की पहार लावली तरी सुटेनात. म्हशीएवढा एकच गोळा. जोतीराम त्याभोवती दोनदा फिरले. "सर," ते म्हणाले, "इस वर्सांत आसं न्हाई बगितलं." मला वाटलं रागावतील. पण तो गोळा त्यांनी तसाच भट्टीच्या दारात ठेवला आणि आल्यागेल्याला "हे आमच्या निकम सरांचं" म्हणून दाखवायला सुरुवात केली. रागावले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या खेपेला डबे अर्धेच भरले, आणि जमलं! राखी रंगाची, स्पंजासारखी बारीक भोकांची वीट. मी ती जोतीरामांच्या पाण्याच्या पिंपात टाकली, आणि ती तरंगली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकवीस वर्षं मी पोरांना फळ्यावर प्रयोग काढून दाखवले, हा एक स्वतःच्या हातानं केलेला.

पण छताला लागणार दीडशे विटा आणि काच संपली नव्वदावर. अक्षय्य तृतीया बारा दिवसांवर. त्या घाईत मी जे केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही. गल्लीच्या मारुतीच्या देवळाबाहेर एक फळा आहे. त्यावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सर्व भगिनींना नम्र विनंती. आपल्या घरातील फुटक्या बांगड्या विज्ञानकार्यासाठी निकम सरांकडे आणून द्याव्यात."

आपल्याकडं सवाष्णीची बांगडी फुटली असं कुणी तोंडानंसुद्धा म्हणत नाही, वाढली म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईनं मला त्यासाठी लहानपणी थोबाडलं आहे. पण डोक्यात काच शिरली की माणसाला काच तेवढी दिसते.

दहाव्या मिनिटाला मानसिंग दारात. मागं त्यांची बायको राहीबाई, तिच्या मागं गल्ली.

"मास्तर, माज्या बायकूची बांगडी फुटावी म्हनताय? दोन लढाया करून जित्ता आलो मी! गोळी चुकली, बाँब चुकला, आन् आता तुमच्या फळ्यानं मारताय व्हय मला?"

"हवालदार, मी फक्त काच मागितली."

"काच मागा की! नवरा कशाला मागताय?"

मी फळा पुसला. खडू शाळेचाच होता, हेही कुणीतरी मुख्याध्यापकांना कळवलं.

मार्ग दाखवला तो गुंडा कासारानं. गुंडा गल्लीत बांगड्या भरतो. नवी भरायची तर जुनी उतरावी लागते, ते तुकडे त्याच्याकडं साठतात. संध्याकाळी मागच्या दारानं येऊन तो म्हणाला, "मास्तर, दोन वर्साचं पोतं हाय माज्याकडं. नदीला सोडायचं ऱ्हाऊन गेलंय. न्या. पन कुनाला सांगू नगासा, माजा धंदाच बायामान्सांवर हाय." मी शपथ घेतली. ती मी पाळली, हे पुढं लक्षात ठेवा.

विटा तयार झाल्या आणि बैलगाडी भरून गावात निघालो, तर जकात नाका. तिथले कारकून नानासो. त्यांनी गाडी काट्यावर घेतली, काटा बघितला, चाकाखाली वाकून बघितलं, पुन्हा काटा बघितला.

"सर, माल कुटं हाय?"

"हाच माल."

"ह्यो न्हवं. ह्याच्या आतला."

"आत हवा आहे."

"गाडीभर हवा आनलीसा भट्टीवरनं?" नानासोंनी वीट उचलली, ती हाताला इतकी हलकी लागली की ते दचकलेच. मग त्यांनी लोखंडी सळईनं ती मधोमध फोडली. आता आतल्या बुडबुड्यांत खडूतल्या गंधकाचा वायू कोंडलेला असतो, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. विज्ञानात याला उत्तर आहे. नानासोंकडं वेगळं होतं. नाकाला उपरणं लावून ते म्हणाले, "हाडं हाईत ही. हाडाकातड्याच्या मालाला जनावरांच्या डॉक्टराचा दाखला लागतो."

मी काच म्हणालो. ते म्हणाले, काच आरपार दिसते. मी म्हणालो, मी विज्ञानाचा शिक्षक आहे, मीच दाखला देतो. ते म्हणाले, चोराला पावती फाडता येत नाही. चोर! शेवटी भर उन्हात गाडी नाक्यावर सोडून मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर भले माणूस, एका म्हशीत गुंतले होते. हात धुऊन त्यांनी वीट हुंगली आणि लिहून दिलं, "सदर माल तपासला. तो कोणत्याही जनावराचा भाग नाही. त्यास लागण नाही. निकम सर समक्ष हजर होते, त्यांचीही प्रकृती ठीक दिसली." शिक्का, सही. तो कागद नानासोंनी नाक्यावर मोठ्यानं वाचला. बाकीचं गावानं केलं.

असो. रिपा ठोकल्या, विटा बसल्या. दुपारी दोनला मी आत उभा राहिलो, बाहेर पत्रा कडकड वाजत होता आणि आत माझ्या कपाळाला घाम नव्हता. मी एकटाच खोलीच्या मधोमध हसत होतो. मानसिंग खिडकीतून बघून म्हणाले, "गार झालं व्हय? पाचट टाकलं असतं तरी झालंच असतं म्हना."

अक्षय्य तृतीयेला वडूजला गेलो आणि शालूला घेऊन आलो. ती उंबऱ्यात थांबली, एक पाऊल आत टाकलं, आणि वर बघत नुसती उभी राहिली.

"आवं," ती म्हणाली, "माज्यासाठी केलंसा ह्ये?"

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिनं असं माझ्याकडं लग्नातही बघितलं नव्हतं. स्वेटर ट्रंकेतून पुन्हा कपाटात गेला. मी म्हटलं, झालं, जिंकलो.

चार दिवस. फक्त चार दिवस ते सुख टिकलं. घर गार झाल्याची बातमी गल्लीत गेली आणि दुपारची जेवणं उरकली की बायका यायला लागल्या. त्या दिवशी राहीबाई जमिनीवर उताणी पडून छताकडं बघत होती. मी बाहेर ओट्यावर पेपर तपासत होतो.

"शालू, त्या तिसऱ्या दगडात काय चमाकतंय गं?"

मग खुर्ची ओढल्याचा आवाज.  मग राहीबाईची किंकाळी. "राजवर्खी! अगं माजीच हाय की ही! आक्ख्या गल्लीत राजवर्खी मी एकलीनंच भरलीती!"

एका विटेच्या कोपऱ्यात सोनेरी ठिपक्यांचा एक तुकडा वितळायचा राहिला होता. दीडशे विटांत तेवढाच एक. शालू बाहेर आली.

"आवं, ह्या विटा कशाच्या?"

"काचेच्या."

"कसल्या काचंच्या?"

"सलाईनच्या बाटल्या."

"आन्?"

एकवीस वर्षं मी पोरांना "आणि?" असं विचारत आलोय. त्या सुरापुढं काही लपत नाही, हे मला त्या दिवशी पोराच्या जागेवरून कळलं. मी सांगितलं. गुंडाचं नाव तेवढं सांगितलं नाही.

"माज्या डोक्यावर गल्लीच्या वाढलेल्या बांगड्या टांगल्या तुमी? आन् मी चार दीस त्याखाली निजले?"

मी समजावलं की काच वितळली की तिचा बांगडीशी संबंध संपतो. मी समजावलं की हे सगळे तुकडे दोन वर्षं एका पोत्यात होते, त्या दोन वर्षांत हवालदारांना साधं पडसं झालेलं नाही. तर मानसिंग ओट्यावर येऊन म्हणाले, "म्हंजे दोन वर्सं मी मरनाच्या दारात हुतो, आन् मला कुनी सांगितलं न्हाई?" शालूनं कपाट उघडलं. स्वेटर काढला.   म्हटलं, गेली ही दिवाळीपर्यंत, आणि या वेळी सांगायला ऊनसुद्धा उरलं नाही.

सगळ्या बायका ओट्यावर येऊन एकदम बोलत होत्या. वेळ दुपारी अडीचची. ओट्यावर ऊन मी म्हणत होतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. राहीबाईनं पदरानं गळा पुसला, एकदा आत बघितलं, मग म्हणाली, "बायांनो, काय ठरवायचं त्ये आत बसून ठरवू."

आत बसून ठरलं. बांगडी वाढली की त्या जागी नवी भरायची, मग दोष राहत नाही, ही रीतच आहे. आता या बांगड्यांच्या जागी बायकांनी तेव्हाच नव्या भरल्या होत्या, मग दोष राहिला कुठं? मी हे दारातून विचारलं. शालू म्हणाली, "त्या त्यांनी भरल्या. तुमी न्हाई भरल्या." झालं! दुसऱ्या दिवशी आमच्या घरात गल्लीतल्या यच्चयावत सवाष्णींना माझ्या खर्चानं हिरवा चुडा. भरायला कोण? गुंडा. तो भामटा माझ्याच खोलीत गारव्याला बसून, बायकांदेखत मला विचारतो, "मास्तर, कुनी ओ दिल्या तुमास्नी त्या बांगड्या? आसल्या मान्साला गावात ठिऊ नये." मी शपथेला बांधलेला. तो दिवसभर जुन्या बांगड्या उतरवून पिशवीत टाकत होता, आणि मी त्याला चहा देत होतो.

शालू राहिली. दोष गेला. आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार काय? तक्रार ही, की त्या दिवसापासून सकाळी दहाला जी खोली बायकांनी भरते ती दिवे लागेपर्यंत रिकामी होत नाही. निवडणं, टिपणं, शेवया, झोपा, सगळं आमच्याकडं. मी माझ्या घराबाहेर, ओट्यावर, उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. मानसिंग जाता जाता म्हणतात, "मास्तर, ओट्याला पाचट टाका."

आठ दिवसांनी शालू ताक घेऊन बाहेर आली आणि माझ्या तापलेल्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आवं, किती भाजताय. शाळंला सुट्टी हाय न्हवं? मिरीग निघस्तवर वडूजला जाऊन ऱ्हावा की जरा."

तर हे सगळं मी वडूजला, सासऱ्यांच्या धाब्याच्या घरात बसून लिहितोय. भर दुपार आहे आणि अंगावर घोंगडं आहे. शालू सांगायची ते खरंच होतं. भाऊसो रोज सकाळी विचारतात, "मास्तर, घर गार झालं न्हवं?" मी हो म्हणतो. ते वर मातीकडं बघतात आणि शेताकडं निघतात.

काल शालूचं कार्ड आलं. "घर गार आहे. यायची घाई करू नये. राहीबाई म्हणतात, स्वयंपाकघराचं छत राहिलंय. त्यासाठी गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी वाढलेल्या बांगड्या साठवून ठेवतोय. दोन पाट्या भरल्या. गुंडाला एकही देत नाही. तुम्ही मात्र फळ्यावर काही लिहू नये."